पंधरा तारा

सात वर्षं पैसे साठवून ऐमोनं स्पीकर आणले,
माझ्या खांद्याला लागतील एवढे उंच, अक्रोडी,
आणि दिवाणखान्यातली माझी खुर्ची
कोपऱ्यात गेली. मोजमापानुसार, म्हणाला.

मग ते शेपूट सापडलं.
चेलोचा खालचा सूर थांबला
की मागे काहीतरी रेंगाळायचं,
बारीक, गोडसर, शिळं.
तांब्याची वायर गेली, चांदीची आली.
स्पीकरखाली ग्रॅनाइटच्या फरश्या,
खिडकीवर घोंगडी.
अख्खा मार्च ताम्पेरेतलं ऊन
आमच्या घराला वळसा घालून गेलं.
रात्री दोनला हा गुडघ्यांवर,
जमिनीला कान लावून,
जणू घराला ताप भरलाय.

नातू आला, इल्मो, पाच वर्षांचा.
बूट काढले, सरळ भिंतीशी गेला
आणि खिळ्याला टांगलेल्या माझ्या कान्तेलेवर
तळवा ठेवला.
शेपूट गेलं.
हात उचलला. आलं.
"हेपण गातंय," तो म्हणाला.

भिंतींना कान असतात, ऐकून होते.
आमच्या भिंतीला तारा होत्या, पंधरा,
अकरा वर्षं कुणी न छेडलेल्या,
आणि तरी खोलीत आपला सूर निघाला
की हळूच हुंकार भरणाऱ्या.

ऐमो काही बोलला नाही. खिळा तेवढा उपटला.
कान्तेले स्वयंपाकघरात आलं, फ्रिजच्या डोक्यावर.
आता त्याची खोली स्वच्छ आहे.
सूर संपतो तिथे संपतो, सुरीनं कापल्यासारखा.

पण इथे फ्रिज सुरू झाला
की सातवी तार कुरकुरते,
ना धड फ्रिजच्या सुरात, ना स्वतःच्या.
आठवडाभर सोसलं.
मग बटाटे उकळत ठेवून किल्ली शोधली
(शिवणाच्या डब्यात होती, बटणांखाली)
आणि एकेका खुंटीचा कान पिळत बसले.
बोटं विसरली नव्हती, लाजत होती फक्त.
बटाट्यांचा पार लगदा झाला.

मान वर केली तेव्हा
दिवाणखान्यातली रेकॉर्ड संपलेली.
सुई शेवटच्या रेघेत खरखरत फिरत होती, केव्हाची,
आणि ऐमो, एवढ्या तिखट कानाचा माणूस,
उठून ती उचलत नव्हता.