सहा मिनिटे

रायबंदरहून चोडण गाठायला फेरीला सहा मिनिटे लागतात,
भरतीचा जोर असला तर सात.
मी तिच्यावर खलाशी.
रॅम्प वर घे, साखळी लाव,
स्कूटर पुढे, बुलेटवाले मामा तुम्ही जरा मागे,
मग मला पलीकडच्या काठापर्यंत काहीच काम नसते.
तेवढ्यात मी फोनवर रंगीत गोळ्या जुळवतो.
तीन लाल, तीन हिरव्या, फट्.
पातळी चारशे एकोणीस.
याला खेळणे म्हणत असाल तर मी खेळाडू आहे.
माझी मुलगी म्हणत नाही.

खरा खेळलो तो पणजीत, इनासच्या पार्लरात,
मासळीबाजाराच्या मागे.
चार यंत्रे, त्यातले एक कायम बंद.
रुपयाला एक डाव, डावाला तीन जीव.
बटनांना सुंगटांचा वास.
दांडीवरचा लाल गोळा कधीच निखळलेला,
तिथे इनासने फेणीच्या बाटलीचे बूच खोचले होते.
त्या बुचाच्या जोरावर मी
आभाळातून उतरणारी अख्खी फौज पाडली आहे.

जिंकणाऱ्याला नाव लिहायला अक्षरे मिळत तीनच,
तीही इंग्रजी.
त्यात शांबा मावेना. अर्धाच लिहिला,
तरी सगळ्यात वर होतो, लुजितानच्याही वर.
रात्री इनास मेन स्विच पाडायचा
आणि यादी पुसली जायची.
आमच्यापैकी कुणीच
एका दिवसापेक्षा जास्त थोर झाले नाही.
तेव्हा ते वाईट वाटायचे.

आता तिथे पर्यटकांसाठी काजू विकतात, मसालेवाले आणि साधे.

मागच्या वर्षी चोडणच्या फेस्ताला इनास माझ्या फेरीवर चढला.
पांढरे बूट, हातात केकचा डबा.
त्याने मला ओळखले नाही.
ओळखले ते फोनवरच्या उजेडाला.
वाकून म्हणाला, “जीव कितले उरल्यात रे?”
मी म्हटले, दोन.
“पुरो,” म्हणाला, आणि उतरून गेला.

मितालीने वेर्ण्याच्या पहिल्या पगारातून
ते काळे, पातळ यंत्र आणले.
खेळ उतरायला दीड रात्र लागली.
दीड रात्रीत मी सगळे चोडण पलीकडे नेऊन
परत आणले असते, वासरांसकट.
पण उतरला तो काय उतरला!
गवताचे पाते न् पाते वेगळे हलते.
घोड्याला घाम येतो.
मेलात तर मागच्याच वळणावर उठता, त्याच कपड्यांत,
आणि मेन स्विच कुणी पाडला तरी
काही म्हणता काही पुसले जात नाही.
हे बरे की वाईट, माझे ठरत नाही.
तीन जीव असताना मी जपून खेळायचो, एवढे खरे.

मिताली म्हणाली, पप्पा, डोंगरावर किल्ला आहे, तो घ्यायचाय.
मी घोडा खाली नेला, नदीकडे.
रुंद, गढूळ पात्र. पलीकडे झाडी, मूळ चिखलात.
काठाशी पाणी जरासे उलटे वळत होते,
भरती फिरताना वळते तसे.
म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशात
कुणीतरी पोर नोकरीच्या वेळात
नदीकडे नीट बघत बसले असणार.
मी तिथेच थांबलो.
“पोहून जाता येते,” मिताली म्हणाली.
माहीत आहे.
“मग?”
मग काय. पलीकडे रॅम्प होता का ते बघत होतो.

ती झोपायला गेली.
खेळात संध्याकाळ झाली.
लांडग्याचे कातडे पांघरलेला कोण एक
माझ्या बाजूला येऊन उभा राहिला,
जगात कुठे बसलाय देव जाणे.
त्यालाही किल्ल्याची घाई दिसली नाही.
आम्ही दोघे पाण्याकडे तोंड करून.

जरा वेळाने, हे बटन की ते करत, सापडले एकदाचे,
मी घोड्यावरून खाली उतरलो.
फेरीत गाडीवर बसून राहायचे नसते,
नियम आहे.