खर्ज

एकतीस वर्षं हानुस बोटीच्या इंजिनघरात होता.
आधी किनाऱ्यावरचे पक्षी गेले त्याच्या कानातून,
मग केटलीची शिट्टी,
मग मी.

आता बोलायचं तर समोर जावं लागतं,
दिवा लावून, ओठ दाखवून.
भांडण असलं
की तो मान फिरवतो.

मार्चमध्ये क्लाक्सविकचा नाचाचा बँड मोडला
आणि दोन कोकरांच्या बदल्यात
हा बास गिटार घेऊन आला.
चार जाड तारा, पाठीला सिगरेटचा डाग.
दोन कोकरं कमी, एक ओंडका जास्त, मी म्हटलं.
त्यानं ऐकलं नाही.
दोन्ही अर्थांनी.

मांस वाळवायच्या खोपीत शिकतो.
फळ्यांच्या फटींतून समुद्राचा वारा,
डोक्यावर टांगलेल्या मांड्या,
चाऱ्याच्या पोत्यावर लॅपटॉप,
आणि त्यात लीड्सची एक पोरगी, इमोजेन.
गोड बोलते. मध्येच मांजर आलं की माफी मागते.
त्याला यातलं काही पोचत नाही.
तिची बोटं बघतो तो,
दाबमापकाचा काटा बघायचा तशी.

धडा चौथा, नवव्या दिवशीही चौथाच.
तर्जनी, मध्यमा, तर्जनी, मध्यमा.
पाना धरून आखडलेली बोटं
तार अशी दाबतात, जणू तिथून तेल गळतंय.
हळू, ती सांगते.
हळू, मीही म्हणते, फळीबाहेरून.
हा शब्द त्याला शेवटचा कधी ऐकू आला
मला आठवत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर नाहीये.
लाकडाच्या शिंगावर हनुवटी टेकवतो
आणि डोळे मिटतो.
हाडातून येत असेल काहीतरी,
जुनं, इंजिनासारखं.
एकदा नेट गेलं,
इमोजेन तोंड उघडं टाकून थिजली,
हा आपला वाजवतच होता.
एक सूर चुकला तेव्हा स्वतःच थांबला,
मागे गेला,
पुन्हा आला.

काल जेवायला बोलवायला गेले.
पाठमोरा होता. दिवा माझ्याकडे नव्हता.
हाक मारून उपयोग नाही हे तोंडाला पाठ आहे,
तरी काय वाटलं कोण जाणे,
आवाज छातीत खाली, अजून खाली सोडला,
बैलाला हाकारावं तसा,
आणि म्हटलं, हानुस.

त्यानं हनुवटी उचलली.
आधी बघितलं
सगळ्यात जाड तारेकडे.
ती हलत नव्हती.
मग माझ्याकडे.

सूप तोवर निवलं होतं.