एकाच्या अलीकडे

ताम्पेरेच्या दुकानात साराने
तीन अ‍ॅम्प काउंटरवर मांडले.
एकात चाळीस आवाज, ढोलताशा सोडून सगळे.
एक पावाच्या लादीएवढा, बॅटरीवरचा.
तिसरा जुना, एकाच बटणाचा,
कोपरे कुणी कुरतडल्यासारखे.

वेइक्कोने गिटार जोडली, म्हणाला, कमी कर.
लोक वाढवायला सांगतात, सारा हसली.
अजून कमी.

सदतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, रोलरशेजारी.
वरचे सूर तिथेच राहिले, पगाराबरोबर कापून घेतलेले.
आता चोच हलली की समजायचं
पक्षी काहीतरी म्हणतोय.

वॅट विचारले नाहीत त्याने, किंमतही नाही.
डावा तळवा जाळीवर ठेवला,
उजव्या अंगठ्याने जाड तार मोकळी सोडली.
पहिला: ट्रक गेल्यावर खिडकीची काच.
दुसरा: माशी.
तिसऱ्यावर हात राहिला,
तापातल्या पोराच्या पाठीवर राहतो तसा.
साराने इतर दोघांच्या वायरी
न बोलता गुंडाळल्या.

जानेवारी. साडेतीनलाच अंधार.
बसमध्ये मांडीवर पेटी; समोरच्या मुलीने विचारलं,
मांजर आहे का आत?
आहे, म्हणाला.

खालच्या मजल्यावर नर्स तूला
रात्रपाळीची झोप पुरी करतेय.
स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या टोपलीजवळ,
बटण एकावर. नाही,
एकाच्याही अलीकडे.
तो गुडघा पेटीला टेकवून बसतो
आणि त्र्याऐंशी सालची एक चाल शोधतो,
बोटं जाड झालीत, सापडत नाही,
पुन्हा.

मधेच एक सूर चुकला.
गुडघ्याने सांगितलं.