पावडरचा डबा

माघ उतरणीला लागला तेव्हा
मी अस्तंबा चढायला निघालो.
दिवाळीत जत्रेला सगळेच चढतात,
मला रिकामा डोंगर हवा होता.
बँकेत बावीस वर्षं नोटा मोजून
बोटांना थुंकीची सवय लागली होती,
पायांना कसलीच नाही.

पहाटे चारला पाडा सोडला.
पुढे ठुमली वसावे, अनवाणी,
हातात विळा, कमरेला खोचलेला
पावडरचा जुना डबा.
डब्यावरची गुलाबी बाई झिजून
नुसतं हसू उरलेलं.
माझ्या पायात साडेचार हजारांचे बूट,
नाशिकहून मागवलेले.

खाली शहाद्यात पपईच्या गाड्या भरत होत्या,
दुपारी पंखा लागत होता,
स्वेटरसुद्धा मी लाजत घेतला होता.
इथे गवत पायाखाली
पापडासारखं मोडत होतं.
विजेरीच्या उजेडात एकेक पातं
मीठ चोळून ठेवल्यासारखं.
जिथे खडकातून पाणी पाझरतं
तिथे पापुद्रा धरलेला,
आत एक पळसाचं फूल अडकलेलं, वाऱ्याने वर आणलेलं,
त्याचं काय करावं ते कोणालाच न कळलेलं.
'पाणी झोपलं,' ठुमली म्हणाली.
आणि पुढे बराच वेळ काही नाही.

मग धार आली.
डावीकडे काही नाही. उजवीकडेही.
वारा नर्मदेकडून यायचा
आणि खिसे तपासून जायचा.
पहिल्याच पायरीवर बूट निसटला.
गुडघा आधी टेकला, मी नंतर.
माय म्हणायची, पाय जपीसन ठेव रे भाऊ,
ते मला तेव्हा
ओट्यावरच्या ओल्या फरशीपुरतं वाटायचं.

ठुमलीने डबा काढला.
लेकराच्या पाठीवर पावडर मारावी तशी
बर्फावर राख शिंपडली,
रात्रीच्या चुलीची, अजून जराशी कोमट.
'इथं.'
मी तिथं पाय ठेवला.
'इथं.'
तिथं.
अकरा पावलं अशी मी एका बाईच्या चुलीवरून चाललो.

बाराव्याला डबा नुसताच खुळखुळला.
शिखर समोर, साठ-सत्तर हात,
ध्वजाची काठी दिसत होती,
तिच्यावरही पांढरं.
मी म्हणालो, थोडंच राहिलंय.
मी म्हणालो, ऊन आलं की सुटेल.
'ओलं जास्त वाईट,' ती म्हणाली,
आणि शिखराकडे पाठ करून बसली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू.
एवढी रजा, एवढे बूट.
ती खाली बघत होती, बोटांच्या पेरांवर
अंगठा फिरत होता.
ऊन आधी दूरच्या कड्याला लागलं, मग पाड्याला,
आणि मला कळलं, ती आंबे मोजत होती.
मोहोर काळा पडलेली झाडं एका हातावर,
वाचलेली दुसऱ्यावर.
तिला इथवर यायचंच होतं,
मी फक्त सोबत होतो, पैसे देणारा.

मीही मोजली. मोजणं तरी माझं.
एकतीस, मी म्हणालो.
'चौतीस.'
तीन झाडं टेकाडाआड होती,
ती तिने न बघता मोजली.
'यंदा आमचूर कमी,' एवढं बोलून
तिने मक्याच्या भाकरीचे दोन तुकडे केले,
मोठा मला.

उतरताना राख वितळून चिखल झाला होता.
त्यात माझ्या बुटांची नक्षी ठळक,
तिच्या पायांचं काही नव्हतं.
ती राखेवरून चाललीच नव्हती.

पाड्यावर पोचल्यावर पाणीही न पिता
तिने चूल उकरली,
निखारे बाजूला सारून राख चाळली,
डबा भरला, बुडावर दोनदा आपटला, परत भरला.
मी ठरलेले पैसे दिले.
तिने दोनदा मोजले,
बोटाला थुंकी न लावता.