अपूर्ण वर्तमानकाळ

सियागंजात, मोटारपंपांच्या दुकानावर
सात ते साडेआठ माझा वर्ग.
तिसराच आठवडा. खडू अजून किंचाळतो,
आणि फळ्याकडे वळलं की पाठीला टोचतात
अकरा जणांचे डोळे.

घनश्याम मकवाना, शेवेच्या कारखान्यात पॅकर,
शर्टाला लवंगेचा वास,
उभा राहून म्हणाला,
'आय अ‍ॅम नोइंग यू, मॅडम.'

मी नियम सांगितला, आदल्या रात्रीच पाठ केलेला :
नो, वाँट, लाइक, यांना आयएनजी लागत नाही.
का?
लागत नाही.

तो बसला नाही.
'पर मैडम, मैं तो थोड़ा-थोड़ा
रोज़ जान रहा हूँ.'

खडू मधोमध मोडला. आणि एकदम
पुण्याच्या मावशीकडचं जेवण आठवलं.
आठवीत होते. सहज बोलून गेले,
'दादा झोपून राहिलाय.'
'राहिलाय कुठे? भाड्यानं?'
सगळे हसले, वाढणारी काकूसुद्धा.
मला मीठ हवं होतं. मागितलं नाही.

फळ्यावर लिहिलं, आय नो यू.
त्यानं उतरवून घेतलं, हळू,
आधी के, मग तो खोडून, मग पुन्हा के.
उच्चार नसलेलं अक्षर लिहायचं कशाला,
त्याला पटेना.
मला तरी कुठे पटलंय.

खाली शटर ओढल्याचा आवाज.
गृहपाठात पुन्हा 'वाँटिंग'.
लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
उद्या त्यालाच विचारीन,
माझं शिकवणं
कसं चालून राहिलंय.