पेडलवरचे दोन ठिपके

झालेवाच्या अलीकडे, नेनोचा कच्चा रस्ता
जिथे डांबराला मिळतो, तिथे माझं दुकान:
एक आंब्याचं झाड, एक पंप, ट्यूबचे तुकडे
आणि पत्र्यावर माझं नाव, फॅक्सन,
मुलीनं रंगवलेलं, शेवटचं अक्षर जागा संपल्यानं बारीक.

कोळसेवाले येतात रात्री नऊनंतर.
मागे तीन पोती, डोक्याहून उंच.
सायकल दिसत नाही, माणूस तर नाहीच.
दिसतो तो अंधारातला जरा जास्त काळा तुकडा,
आणि तो काय आहे हे ओळखायला
ट्रकवाल्याला मिळतात दोन श्वास.

मार्चमध्ये सँडिफोलोला असंच उचलून आणलं
माझ्याच झाडाखाली.
पोती शाबूत होती.
सकाळपर्यंत तीही कुणी नेली.

तेव्हापासून मी कुणी न सांगता लावत गेलो.
तेलाच्या डब्याचा पत्रा घासून लावला, गंजला.
सीडी बांधली, कुणाच्या तरी लग्नाची.
तिच्यात रंग दिसतात, पण उजेड ती भलतीकडेच फेकते,
आपण विचारावं आणि तिनं
शेजाऱ्याला उत्तर द्यावं, तशी.

मग रस्ता बांधणाऱ्यांनी टाकलेलं जाकीट मिळालं,
नारिंगी, काखेत उसवलेलं, छातीवर दोन करड्या पट्ट्या.
दिवसा बघितल्या तर निव्वळ राख.

लिंबानी म्हणाला, नको.
दिवा लावलास तर जंगलखात्याचे लोक मला मैलावरून मोजतील.
पोती जातील, सायकल जाईल, वर दंड.
तुझं काय जातंय, तू झाडाखाली बसतोस.

खरं होतं. मी झाडाखालीच बसतो.

म्हटलं, अरे, हा दिवा नाही.
याच्या पोटात स्वतःचं काहीच नाही.
जो उजेड टाकेल त्याच्याच डोळ्यांत परत टाकतो,
बाजूला उभा असेल त्याला पत्ताही नाही.
उधारी फेडावी तसं, ज्याचं त्याला.

तो हसला. चाकाकडे बघत राहिला. मग म्हणाला,
आणि त्यांच्याच हातात बॅटरी असली तर?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी पट्टी कापत राहिलो.

पोत्यांवर नको म्हणाला, मडगार्डवर नको.
पेडलला लाव. पाय थांबवले की
निदान हलायचं तरी थांबेल.
एस्नाथनं, त्याच्या बायकोनं, टायरमधून काढलेल्या दोऱ्यानं
चार-चार टाके घातले, शर्टाला बटण लावावं तसे,
आणि उरलेला दोरा दातानं तोडून
कमरेच्या गाठीत ठेवला.

जुलैत मला ब्लांटायरला जायचं होतं, चेनी आणायला.
मक्याच्या ट्रकमध्ये पुढं बसायला मिळालं.
चालवणारा काचिंग्वे, तोंडाचा पट्टा सुरू:
सासूनं बोकड विकला, तोही याला न विचारता,
आणि पैसे किती, तर ऐकून हसशील.
पैसे किती ते सांगायच्या आधी
समोर अंधारात दोन ठिपके उमटले.
एक वर, एक खाली.
मग खालचा वर, वरचा खाली.
रस्त्यावरचं दुसरं काहीच असं हलत नाही,
ना खांब, ना दगड, ना बकरीचे डोळे.

"माणूस," काचिंग्वे म्हणाला,
कुणाला उद्देशून नाही,
जसं आपण "खड्डा" म्हणतो तसं.
पाय ब्रेकवर गेला, ट्रक उजवीकडं लांब वळला,
बोकडाचं बोलणं एवढंसंही तुटलं नाही.

खिडकीखालून पोती गेली, मग वाकलेली पाठ.
लिंबानीनं तोंड फिरवून घेतलं होतं,
गाडी कुणाची आहे हे त्याला काय माहीत.
मी हाक मारली नाही.

आठ हजार, काचिंग्वे म्हणाला, फक्त आठ.
मी मान हलवली.
उजव्या पेडलची पट्टी लोंबत होती,
चारातले दोनच टाके उरले असावेत.
परत गेल्यावर एस्नाथला
आधी ते सांगायचं.