मध्यंतरापर्यंत

सावळजची शेवटची गाडी सांगलीतनं सव्वाआठला सुटते
आणि सहाच्या खेळाचं मध्यंतर पडतं साडेसातला.
म्हणून मी आजवर अकरा सिनेमे पाहिलेत,
सगळे अर्धे.

दिवे लागतात, लोक चहाला, समोशाला बाहेर येतात,
मीही त्यांच्यातच असते.
घंटा झाली की ते आत जातात,
मी स्टँडकडे.

तासगावच्या बायकांना साडेदहापर्यंत गाड्या.
उरलेला सिनेमा त्या माझ्या वाटचा बघतात
आणि सोमवारी शेडमध्ये आणून देतात,
बेदाण्याच्या पट्ट्यावर, काड्या-देठ वेचता वेचता.

अक्काताई चौगुले गाणी वगळते :
"गाण्यात काय घडतंय? ती उभीच असत्यात."
मारामारी मात्र दोन्ही हातांनी सांगते
आणि पारिसा मुकादम ओरडतो,
काळा मणी पुढं गेला की गं!
जुबेदाला रडू आलं तरी ती हिशेब ठेवते :
"आलं, पण तिकिटाएवढं न्हाई."
सुगंधाचं मत ठरलेलं,
"एसी चांगला हुता."
तरी तिला विचारावं लागतं, नाहीतर फुगते.

मत मीही देते, पहिल्या अर्ध्यावर.
सुरुवात माझ्याइतकी नीट कुणी बघत नाही.
सासूच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली होती,
हे हॉलभरात मलाच दिसलं.

श्रावणाच्या तोंडावर लागलेला तो सिनेमा.
त्यातली बाई भर दुपारी घराला कुलूप लावते,
चावी तुळशीत ठेवते, परत काढते,
रस्त्याकडेला येऊन उभी राहते.
लांबून एसटी दिसते. ती हात करते.
मध्यंतर.

त्या दिवशी माझी गाडी मी धावत धरली.
कवलापूर गेलं, कवठेएकंद गेलं,
बाई आपली माझ्या शेजारच्या सीटवर,
तिकीट न काढता.

सोमवारी अक्काताई म्हणाली, गेली ती.
कोल्हापुरात खानावळ काढली.
शेवटी नवराच येतो जेवायला,
ओळखत नाही मेला, आमटी दोनदा मागतो.
जुबेदा म्हणाली, काय पण सांगती!
गाडीत चढलीच न्हाई ती. माघारी आली, कुलूप काढलं,
नवऱ्याला म्हणाली, आता तू जा.
सुगंधा म्हणाली, माझा डोळा लागला हुता.
जागी झाले तवा ती हसत हुती.
तिघी संध्याकाळपर्यंत भांडल्या.
मला खानावळ पटली. आमटीपायी.

गणपतीत सुगंधाच्या पोरानं तो मोबाईलवर आणला.
जेवणाच्या सुट्टीत शेडमागं बसून,
भाकरी तशीच ठेवून,
तडा गेलेल्या काचेत मी दुसरा अर्धा पाहिला,
जन्मात पहिल्यांदा.

एसटी दिसते. ती हात करते.
एक पाऊल पुढं टाकते
आणि दुसऱ्या बाजूनं ट्रक.

मग सव्वा तास नवरा रडतो.
त्यात दोन गाणी.

म्हणजे ट्रक तिघींनी पाहिला होता.
त्यांनी ठरवून केलं, की न ठरवता,
मी विचारलं नाही.
तीन वर्षांमागं सावळजच्या फाट्यावर
पिशवी घेऊन मी एकदा उभी होते, गाडी सोडून दिली.
हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.
पण फाट्यावर टपऱ्या आहेत,
टपऱ्यांना तोंडं आहेत.

भोंगा झाला. हात धुऊन पट्ट्याशी बसले.
अक्काताई चाळणी झाडत राहिली, गरजेपेक्षा जास्त.
जुबेदानं माझ्या पुढ्यातलीही काडी उचलली.
सुगंधानं मान वर न करता विचारलं,
"कसा वाटला?"

"एसी नव्हता," मी म्हणाले.

पारिसा मुकादमाला कळेना
चौघी एवढ्या कशाला हसतायत.
पट्टा पुढं गेला,
काळे मणी गेले चांगले मूठभर.